अन्नमय कोश

'कोश' या शब्दाशी आमचा परिचय तसा जुना आहे. कलाशाखेची पदवी घेताना भाषेच्या विद्यार्थ्याला जे चार-दोन जाडजूड ग्रंथ उशाशी ठेवावे लागतात, त्यांत शब्दकोश पहिला. पुढे शिक्षकी पेशा पत्करल्यावर तर तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा झाला. रोज नमस्कार घडला नाही, तरी अडल्या वेळी त्याच्याकडेच जावे लागते. त्यातून आमचे सासर उज्जयिनीचे. विक्रमादित्याच्या सभेतील नवरत्नांत अमरकोशकर्त्या अमरसिंहाची गणना परंपरेने केलेली आहे. तेव्हा या नगरीत तरी 'कोश' हा शब्द जरा अदबीनेच उच्चारावा, असे आम्हांला वाटते. कोश म्हणजे शब्दांचा संग्रह, कोश म्हणजे राजाचा खजिना, कोश म्हणजे तलवारीचे म्यान, कोश म्हणजे न उमललेली कळी, आणि कोश म्हणजे सुरवंट ज्यात स्वतःला कोंडून घेतो ते घर. एका शब्दाच्या छपराखाली हे इतके अर्थ गुण्यागोविंदाने कसे नांदतात, याचा विचार करण्याचे कारण आम्हांला कधी पडले नव्हते. ते कारण गेल्या पावसाळ्यात इयत्ता आठवीच्या एका मुलीने पुरविले.

आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात कागदी लिंबोणीचे एक झाड आहे. श्रावण लागला की त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेचा भास व्हावा असे काळे-पांढरे किडे दिसू लागतात. ते मोठे झाले म्हणजे कात टाकून पानासारखेच हिरवे होतात, आणि कोणी बोट लावले, तर डोक्यामागून दोन फाट्यांचे शिंग काढून उग्र वास सोडतात. शास्त्रज्ञ या जातीला पॅपिलिओ डेमोलिअस म्हणतात. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेले हे फुलपाखरू लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडांवर भारतभर आढळते. आमच्या शिपाईमामांच्या लेखी मात्र ती नुसती कीड होती. आणि ते काही खोटे नव्हते, कारण असे दहा-बारा खादाड पाहुणे लहानसे झाड ओकेबोके करायला फार दिवस घेत नाहीत. मामा औषधाचा पंप घेऊन निघाले, तेव्हा आठवीच्या मुलांनी रदबदली केली. अखेर तडजोड ठरली ती अशी : मुलांनी पाच मोठे सुरवंट उचलून जाळीचे झाकण असलेल्या खोक्यांत वर्गात ठेवावेत, पाने रोज आपापल्या घरच्या झाडांची आणावीत, आणि उरलेल्यांचे मामा पाहून घेतील. पाच सुरवंटांची पालकत्वे पाच मुलांकडे गेली. आमच्या वर्गाला त्या आठवड्यात व्याकरणापेक्षा पानांचीच चिंता अधिक होती.

चार-पाच दिवसांनी एकेकाने खाणे सोडले. काटकीला शेपटीकडून चिकटून, कमरेभोवती रेशमाच्या एका बारीक धाग्याचा पट्टा बांधून ते स्थिर झाले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो सुरवंट नाहीच. त्याच्या जागी ओबडधोबड हिरवट कोश. त्या वेळी एका खोक्याची पालक असलेल्या मुलीने विचारले, "बाई, आता हा काही खात नाही, पाणीही पीत नाही. मग पंख कशाचे होतात?"

वाचकहो, उत्तरादाखल आमच्यापाशी उपमांचा तुटवडा नव्हता. कोशाला तपश्चर्येची, गर्भवासाची, एकांतसाधनेची उपमा वक्त्यांनी आजवर शेकडो वेळा दिलेली आहे. पण मुलीने उपमा मागितलीच नव्हती. तिने हिशेब मागितला होता. पंख हे काहीतरी वस्तूचे होतात. ती वस्तू कोशात बाहेरून येत नाही. मग ती आली कोठून? वाण्याच्या दुकानातले उधारीचे पान जितके रोखठोक असते, तितकाच हा प्रश्न रोखठोक होता. तेव्हा आम्ही सरळ प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांचा दरवाजा ठोठावला, त्यांच्याकडून ग्रंथ आणले, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर ते वाचू लागलो. त्या वाचनातून जो हिशेब हाती आला, तो येथे मांडीत आहोत.

प्राण्याचे शरीर, पाण्याचा अंश वगळला तर, मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते. अंड्यातला पांढरा बलक, दुधातला चोथा, डाळीतले सत्त्व, आपले केस, नखे, स्नायू ही सारी प्रथिनांचीच रूपे. 'प्रोटीन' हे नाव 1838 साली रूढ झाले, ते 'प्रथम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून; आपल्या 'प्रथिन' या शब्दातही तोच 'प्रथम' डोकावतो, ही भाषेच्या शिक्षकाला सुखावणारी गोष्ट. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची एक लांबलचक माळ असते. हे घटक मुख्यतः वीसच. पण त्यांच्या क्रमात फरक पडला की प्रथिन बदलते. मराठीच्या पन्नासेक अक्षरांतून ज्ञानेश्वरीही लिहिता येते आणि किराणा मालाची यादीही लिहिता येते, त्यातलाच हा प्रकार.

आता सुरवंटाकडे वळू. त्याचा जन्मच मुळी खाण्यासाठी. ज्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो तुतीवर वाढणारा रेशमाचा किडा. तो अंड्यातून बाहेर पडल्यापासून सुमारे पंचवीस दिवसांत आपले वजन जवळजवळ दहा हजार पटींनी वाढवितो. या अवधीत तो चार वेळा कात टाकतो, आणि एकूण अन्नापैकी पाचात चार भाग अन्न एकट्या शेवटच्या, पाचव्या अवस्थेत खातो. एवढे अन्न कशासाठी? नुसते वाढण्यासाठी म्हणावे, तर वाढ झालेले शरीर तर लवकरच मोडावयाचे आहे. त्याचे उत्तर किड्याच्या रक्तात सापडते.

कीटकाचे रक्त आपल्यासारखे तांबडे नसते. पिवळसर किंवा हिरवट रस असतो. सुरवंट शेवटच्या अवस्थेत आला की या रक्तरसातील प्रथिनांचे प्रमाण झपाट्याने वाढू लागते. ही प्रथिने तयार होतात मेदपिंडात. हा कीटकाच्या पोटातला पांढुरका अवयव एकाच वेळी यकृताचे काम करतो आणि कोठाराचेही. 1969 साली मन आणि ग्रेव्हिल या संशोधकांनी एका निळ्या माशीच्या अळीत अशा एका प्रथिनाचे सविस्तर वर्णन केले. पूर्ण वाढलेल्या अळीच्या विद्राव्य प्रथिनांत निम्म्याहून अधिक वाटा त्या एकट्याचा होता. माशीच्या शास्त्रीय नावावरून त्याला कॅलिफोरिन म्हणतात. तसलीच प्रथिने पुढे पतंग, फुलपाखरे, भुंगे अशा अनेक कीटकांत आढळली. यांना साठ्याची प्रथिने म्हणतात. नाव समर्पक आहे, कारण स्नायू ओढणे, अन्न पचविणे, रोगाशी लढणे यांपैकी कोणतेही नित्याचे काम मुख्यत्वे यांच्याकडे सोपविलेले नसते. ती केवळ शिल्लक असतात.

याच्या पुढचा भाग आम्हांला सर्वांत विलक्षण वाटला. कोशात जाण्याची वेळ आली की तेच मेदपिंड, आपणच रक्तात सोडलेली ही प्रथिने परत आत ओढून घेते आणि दाण्यांच्या रूपाने रचून ठेवते. म्हणजे शास्त्रज्ञ जेव्हा रोजच्या रोज मोजमाप करतात, तेव्हा रक्तातील आकडा चढत चढत शिखराला पोचतो आणि एकाएकी घसरतो. आणि त्याच सुमारास मेदपिंडातील आकडा वर जातो. केवळ रक्त तपासणाऱ्याला वाटेल की किड्याचे दिवाळे निघाले. वास्तविक धन बाजारातून तिजोरीत गेलेले असते. पुढे, कोशातल्या दिवसांत, तिजोरीतला आकडाही उतरू लागतो, आणि आजवर जेथे जवळजवळ काहीच नव्हते तेथे, म्हणजे पंखांत, उडण्याच्या स्नायूंत, डोळ्यांत, मादीच्या अंडाशयात, प्रथिने दिसू लागतात. रेशमाच्या किड्यांत जपानी संशोधकांना 1980 साली असेही आढळले की, साठ्याच्या दोन प्रमुख प्रथिनांपैकी एक शेवटच्या अवस्थेत मादीच साठविते. तिला पुढे अंडी घालावयाची असतात. ती जन्माला यायच्या आधीची तरतूद तिने पाने कुरतडतानाच केलेली असते. तो पतंग कोशातून निघाल्यावर काहीच खात नाही. तरी मादी चार-पाचशे अंडी घालते. त्या प्रत्येक अंड्यातील प्रथिन हे तुतीच्या पानाचेच दुसरे रूप.

परंतु केवळ शिल्लक पुरत नाही. जुने घरही पाडावे लागते. सुरवंटाचे सरपटण्याचे स्नायू, त्याची पाने पचविणारी अन्ननलिका, रेशीम गाळणाऱ्या ग्रंथी या फुलपाखराच्या काय कामाच्या? कोशात त्यांच्या पेशी ठराविक वेळी, जणू हुकूम सुटल्यासारख्या, स्वतःच विरून जातात, आणि त्यांच्या प्रथिनांचीही अमिनो आम्ले होतात. हा हुकूम देणाऱ्या द्रव्याला एक्डायसोन म्हणतात. ते शुद्ध स्वरूपात प्रथम मिळविले जर्मनीतील बुटेनांट आणि कार्लसन यांनी, 1954 साली. त्यासाठी त्यांनी रेशमाच्या किड्यांचे सुमारे 500 किलो कोशस्थ देह वापरले, आणि हाती आले अवघे 25 मिलिग्रॅम! सुरवंटाच्या देहात जोवर बाल्य टिकविणारे दुसरे संप्रेरक भरपूर असते, तोवर एक्डायसोनमुळे नुसती कात पडते. ते बाल्य-संप्रेरक ओसरले, म्हणजे तोच हुकूम कायापालटाचा होतो.

कोशाच्या आत सारे काही रस्सा होऊन जाते, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी. सतराव्या शतकात हॉलंडच्या स्वामरडॅमने पूर्ण वाढलेल्या सुरवंटाची कातडी सोलून आत घडीव पंखांच्या खुणा दाखविल्या होत्या. पंख, पाय, स्पृशा यांची बीजे सुरवंटाच्या अंगात पेशींच्या चिमुकल्या चकत्यांच्या रूपाने आधीच असतात. 2013 साली ब्रिटनमधील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने जिवंत कोशांच्या आतली चित्रे दिवसामागून दिवस घेतली, तेव्हा श्वासनलिकांचे जाळे पहिल्या दिवसापासून ओळखता येत होते. म्हणजे काही मोडते, काही नव्याने उभे राहते, आणि काही जसेच्या तसे पुढे चालू राहते.

वर्गात हे सारे सांगताना आम्हांला जुन्या छापखान्याचा फार उपयोग झाला. पूर्वी असली वार्षिके खिळे जुळवून छापली जात. जुळारी एकेक खिळा उचलून पान रचावयाचा. पान छापून झाले की ते सोडून खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकावयाचा, आणि त्याच खिळ्यांतून पुढचे पान उभे राहावयाचे. गोदामात नवे शिसे आलेले नसे. तरी काल लग्नपत्रिका होती तेथे आज शाळेचा अंक असे. सुरवंट हे पहिले पान, फुलपाखरू हे दुसरे. अमिनो आम्ले हे खिळे. हे ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पण बाई, काही खिळे झिजून वाया जात असतील ना?" जातात, बाळा. कोशातल्या घडामोडींना शक्ती लागते, थोडे सत्त्व त्यात खर्ची पडते, आणि जे टाकाऊ उरते ते फुलपाखरू बाहेर येताच एका थेंबात टाकून देते. एकूण प्रथिन कोशात वाढत नाही; त्याची जागा बदलते, जात बदलते, काम बदलते.

मुलांना हे आकडे स्वतः काढून पाहावेसे वाटले, यात नवल नव्हते. प्राध्यापकांनी त्यांना मोरचुदाचे पाणी आणि कॉस्टिक सोडा वापरून अंड्याच्या बलकाला जांभळा रंग कसा येतो ते दाखविले. 1951 साली लाउरी यांनी रूढ केलेली याहून नाजूक पद्धतही त्यांनी समजावून दिली. तीत निळा रंग जितका गडद, तितके प्रथिन अधिक. मग मुलांनी साहजिकच विचारले की, आपल्या कोशातले प्रथिन कसे मोजायचे? प्राध्यापक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "कोश वाटावा लागतो." वर्गात शांतता पसरली. मुलीने आपले खोके हळूच मांडीवर ओढून घेतले.

तोवर ग्रंथांतल्या आलेखांकडे आम्ही निव्वळ रेषा म्हणून पाहत होतो. आता ध्यानात आले की एकच कीटक आज आणि उद्या असा दोनदा या रीतीने मोजता येत नाही. पहिल्या दिवसाचा बिंदू एका कीटकाचा, दुसऱ्या दिवसाचा दुसऱ्याचा; प्रत्येक बिंदूपाशी एकेक आयुष्य थांबलेले. आमच्या उज्जयिनीत राजा जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. तेथे सूर्याला हातही न लावता, नुसत्या सावलीवरून त्याची चाल मोजता येते. सूर्याला त्याचे काही सोयरसुतकही नसते. जीवाच्या अंतरंगाचा वेध घेणे इतके निर्मळ नाही. म्हणून ते घेऊच नये असे आम्ही म्हणणार नाही. औषधे, शेती, रेशीम यांतले पुष्कळसे ज्ञान याच वाटेने आले आहे. पण ज्याच्या जिवावर आकडा मिळाला, त्याचे भान आकडा वाचताना असावे, एवढे मुलांनी त्या दिवशी न सांगता ओळखले. वर्गाने मत दिले : वाटायचे नाही, वजन करायचे.

एक ग्रॅमच्या आतबाहेरची वस्तू तोलायला शाळेत तराजू कोठला? आम्ही पाच खोकी घेऊन सराफ्यात एका ओळखीच्या पेढीवर गेलो. पेढीवरच्या काकांनी सोन्याच्या काट्यावर कोश ठेवला, आकडा वाचला, आणि जुन्या सवयीने उद्गारले, "जवळजवळ एक मासा!" कोकणी माणसाच्या कानाला तो शब्द भलताच सुखद वाटला, हे सांगणे नलगे. दर दोन दिवसांनी आम्ही जात राहिलो. पाचही कोश किंचित किंचित हलके होत गेले. काकांनी काळजीने मान हलविली. त्यांच्या धंद्यात घट म्हणजे खोट. "बाई, तुमचा माल घटतोय." पण पाणी उडत होते, श्वासावाटे थोडे सत्त्व जात होते, आणि आत मात्र पंख भरत होते. काट्याला ते दिसत नव्हते, कारण काटा किती एवढेच सांगतो. कशाचे काय झाले ते सांगत नाही.

रेशमाचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुलखातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडील जंगलांत, ऐन आणि अर्जुन वृक्षांवर टसरचे किडे पोसण्याचा व्यवसाय धीवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. टसरचा कोश फळासारखा देठाने फांदीला लोंबतो. आतला जीव थंडी-उन्हाळ्याचे कित्येक महिने तसाच निद्रिस्त राहतो आणि पावसाच्या तोंडी पतंग होऊन निघतो. निघताना तो प्रथिन विरघळविणाऱ्या पाचक रसाने कोशाचे टोक मऊ करून वाट काढतो. प्रथिनाच्या भिंतीला प्रथिनाचीच किल्ली! नागपूर विद्यापीठात टेंभरे व बारसागडे या संशोधकांनी या टसर किड्याच्या रक्तरसातील प्रथिने व अमिनो आम्ले यांचा अभ्यास केला आहे. रांचीला तर टसरसाठी 1964 पासून स्वतंत्र संशोधन संस्था आहे. व्यवहाराच्या दृष्टीने यात मोठा अर्थ आहे. किड्याने खाल्लेल्या पानांतले सत्त्व दोन वाटांनी जाते, एक अंगात आणि एक धाग्यात. रेशीम हेही प्रथिनच. तुतीच्या रेशमात सुमारे तीन चतुर्थांश भाग फायब्रोइन नावाच्या धाग्याचा आणि उरलेला सेरिसिन नावाच्या डिंकाचा. आपण देवघरात जे रेशमी सोवळे नेसतो, अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या साडीत जो उभा रेशमी धागा असतो, तो कोणा एका जिवाने स्वतःच्या रक्षणासाठी बाजूला काढलेला अन्नाचा वाटा असतो; आणि धागा अखंड मिळावा म्हणून बहुधा तो जीव आतच उष्णतेने मारला जातो. सोवळ्याच्या घडीवर हात फिरविताना हेही आठवावे.

नवव्या-दहाव्या दिवशी कोश पारदर्शक होऊन आतले काळे पंख दिसू लागले. एका सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधीच पहिले फुलपाखरू निघाले. ओले, चुरगळलेले पंख रक्तरसाच्या दाबाने हळूहळू ताठ झाले. वर सांगितलेल्या साठ्याच्या प्रथिनांतले विशिष्ट घटकच पुढे कीटकाचे कवच आणि पंख कठीण करण्याच्या कामी येतात, हे मुलांना आता ठाऊक होते; तरी त्या क्षणी त्यांतले कोणी काही बोलले नाही. दोन दिवसांत चार फुलपाखरे खिडकीतून गेली.

पाचवा कोश त्या मुलीचा. तो काळवंडला, आणि एके दिवशी त्याला टाचणीने टोचावे तसे एक छिद्र पडून त्यातून मुंगीएवढ्या, चकचकीत, पंख असलेल्या कितीतरी माश्या बाहेर आल्या. परजीवी गांधिलमाश्यांची ही एक जात. तिची मादी ताज्या कोशाला डंख करून आत अंडी घालते, आणि पिले त्या खजिन्यावरच वाढतात. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. थोड्या वेळाने तिने विचारले, "म्हणजे ह्यासुद्धा माझ्या आणलेल्या पानांच्याच झाल्या का?" होय. प्रथिन नाहीसे झाले नव्हते. धनी बदलला होता. तिने खोक्याचे झाकण काढले आणि त्यांनाही जाऊ दिले. तिला त्या क्षणी सांत्वनापर काही सांगणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. हिशेब तिने मागितला होता, आणि तो शेवटच्या पैपर्यंत तिने स्वतःच पुरा केला होता.

एक शंका मात्र आमच्या मनात मागे उरली. इतके सारे मोडून पुन्हा रचल्यावर, फुलपाखरू हे 'तेच' म्हणावे काय? अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, तंबाखूच्या झाडावर वाढणाऱ्या एका पतंगाच्या सुरवंटांना विशिष्ट वास टाळायला शिकविण्यात आले. शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या सुरवंटांचे पतंग झाल्यावरही त्यांना तो धडा आठवत होता. बाल्यावस्थेत फार लवकर शिकलेल्यांना मात्र नाही. ग्रंथ मिटून आम्ही आमचाच विचार करीत बसलो. लग्नात आमचे नाव बदलले, मुलूख बदलला. लहानपणी फुलपाखराला आम्ही 'पिसोळें' म्हणत असू. आता वर्गात 'फुलपाखरू' म्हणतो, आणि बाजारात 'तितली' म्हटल्यावाचून भाजीवालीच्या मुलाला कळत नाही. पण सराफ्यात काट्यावरचे आकडे मनाशी मोजताना ओठांवर आले ते 'पांच, स, सात'. पतंगाचा धडा माणसाला उलटा लागू पडतो, असे दिसते. जे सर्वांत आधी खाल्ले, तेच सर्वांत शेवटपर्यंत पुरते.

उपनिषदांनी देहाला 'अन्नमय कोश' म्हटले आहे. ऋषींनी तो शब्द योजताना लिंबोणीवरचा सुरवंट पाहिला होता की नाही, हे सांगता येणार नाही. पण खजिना आणि घर हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत, याची खात्री आम्हांला लिंबोणीपाशी पटली. विद्यार्थिमित्रहो, तुमचे हे वय पाने खाण्याचे आहे. आज पाठ केलेली कविता, आज सोडविलेले गणित, आजीकडून ऐकलेली गोष्ट यांतले कशाचे पंख होतील आणि कशाचे डोळे, हे तुम्हांला आज कळणार नाही, आम्हांलाही कळत नाही. आणि पालकहो, एखाद्या वर्षी मूल अबोल झाले, प्रगतिपुस्तकाचा काटा थोडा खाली आला, तर सराफ्यातल्या काकांसारखी लगेच मान हलवू नका. काटा एवढेच सांगतो की वजन घटले. आत काय रचले जात आहे, ते पाहायला थोडे थांबावे लागते. आणि पाचांतला एक कोश आपल्या मनासारखा न उघडण्याची तयारीही ठेवावी लागते.

शिपाईमामांनी यंदा लिंबोणीच्या अंगणाकडील चार फांद्यांवर औषध मारावयाचे नाही, असे आपणहून ठरविले आहे. त्या फांद्या इयत्ता आठवीच्या.